डेल्कोवरचं कुंकू

यवतमाळला शीलाताईंच्या अंगणात कडुलिंबाखाली एक मोतिया रंगाची फियाट उभी असे. त्यांच्या यजमानांनी, श्रीकृष्णरावांनी, ती घेतली तेव्हा मुलगा स्वानंद तिसरीत होता, आणि एकवीस वर्षांनी त्याच गाडीला झेंडूच्या माळा बांधून त्याची वरात निघाली. मधल्या काळात कॉलनीत नव्या गाड्या आल्या. शेजारच्या भगवानरावांनी तर व्हॅन घेतली. पण "सकाळी एका सेल्फात सुरू होते" हे वाक्य श्रीकृष्णराव फक्त आपल्या फियाटबद्दल बोलायचे, आणि बोलताना त्यांची मान थोडी मागे जायची.

त्या मानेत निम्मा वाटा नजीरचा होता. लोहाऱ्याच्या रस्त्यावर, कारखान्यांच्या वसाहतीच्या अलीकडे, त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. आधी त्याचे वडील तिथे बसत, त्यांना सगळे मोठे मिस्त्री म्हणत. फियाट पहिल्यांदा उघडली ती मोठ्या मिस्त्रींनीच. ते गेल्यावर नजीर आला. चाळिशीचा, बोलायला मिश्किल, हाताला सफाईदार. दिवाळीला शीलाताईंकडून त्याच्या घरी फराळ जायचा, ईदला त्याची बायको अनवरी शिरखुर्म्याचा डबा पाठवायची. डबा रिकामा परत करायचा नाही ही दोन्ही घरांची रीत. त्यामुळे कोणाचा ना कोणाचा डबा कोणाच्या ना कोणाच्या घरी वर्षभर असायचाच.

ती कापसाची वाईट वर्षं होती. यवतमाळचं नाव रोज वर्तमानपत्रात यायचं, आणि पुण्याहून स्वानंद फोन करून विचारायचा, "आई, तिकडे सगळं ठीक आहे ना?" कॉलनीत सगळं ठीकच होतं. पेन्शन पहिल्या तारखेला येत होती. पण लोहाऱ्याला कापसाच्या जिनिंग कारखान्यांची फाटकं वर्षातले सात-आठ महिने बंद राहू लागली होती. नजीरकडे पूर्वी जिनिंगच्या जीपा यायच्या, महागावपर्यंतच्या खेड्यांतले ट्रॅक्टर यायचे. आता खेड्यातला माणूस गाडी बिघडली की मिस्त्रीकडे आणत नव्हता, ताडपत्री टाकून उभी करत होता. नजीरचं गॅरेज चालत होतं ते कॉलनीतल्या आठ-दहा गाड्यांवर. हे शीलाताईंना माहीत होतं. माहीत नव्हतं असं त्यांना नंतर कधी स्वतःशीसुद्धा म्हणता आलं नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी नेहमीप्रमाणे गाडी नजीरकडे गेली. त्याने नवे प्लग घातले, तेल बदललं, आणि इंजिन असं लखलखीत पुसून दिलं की श्रीकृष्णराव पूजेच्या वेळी बोनेट उघडून सगळ्यांना दाखवू लागले. "बघ, बघ. आहे का हे एकवीस वर्षांचं इंजिन?"

शीलाताईंच्या हातात पूजेचं ताट होतं. दर वर्षी त्या बोनेटवर स्वस्तिक काढायच्या, चाकाखाली लिंबू ठेवायच्या, चाकाजवळ नारळ फोडायच्या. त्या दिवशी त्यांना वाटलं, गाडीचा खरा जीव तर हा इथे आहे. आणि त्या काळ्या, लोखंडी पसाऱ्यात त्यांना एक वस्तू दिसली. वाटीएवढं गोल काळं झाकण, त्यावर पाच छोटी बोंडं, मधे एक आणि भोवती चार, प्रत्येकातून एक जाड वायर निघालेली. पंचारती उलटी ठेवावी तसं. त्यांनी त्या पाचही बोंडांना हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि फोडलेल्या नारळाचं पाणी त्यावर हळूहळू ओतलं. कुंकू भिजून लाल ओघळ वायरींच्या बुडाशी साचला.

"अगं, पाणी बेतानं," श्रीकृष्णराव म्हणाले.

"देवाचं पाणी आहे ते. काही होत नाही."

आणि खरंच काही झालं नाही. दुपारी सगळे गाडीतून सोनं वाटून आले.

त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. शीलाताईंचा चिवडा आणि अनवरीचा शिरखुर्मा एकाच दिवशी निघाले आणि, श्रीकृष्णरावांच्या भाषेत, दोन्ही डबे दत्त चौकात एकमेकांना रामराम करून पुढे गेले. अनवरीचा डबा रिकामा झाला, घासून फडताळात ठेवला गेला. पुढे काही केलं की भरून पाठवू, असं शीलाताईंनी ठरवलं.

मग थंडी पडली, आणि गाडी बिघडली.

सकाळी सेल्फ मारला की इंजिन सुरू व्हायचं, पण चार सिलिंडरांतला एखादा जणू कामावर यायचाच नाही. गाडी उभ्या जागी थडथड हलायची, मागून फट् फट् आवाज, पेट्रोलचा वास. पाच-सात मिनिटं असा तमाशा झाला की हळूहळू शांत व्हायची आणि मग दिवसभर लोण्यासारखी चालायची. श्रीकृष्णराव गाडी झाडाखाली उघड्यावर ठेवत. सकाळी तिच्यावर दव इतकं असायचं की काचेवर बोटानं नाव लिहावं.

नोव्हेंबरच्या शेवटी स्वानंदचे सासू-सासरे आले. मितालीचे आईवडील पुण्याचे, लग्नानंतर पहिल्यांदाच येत होते. चार दिवस शीलाताईंनी हौसेनं सगळं केलं. पाटोडी झाली, वांग्याचं भरीत झालं. परतीची रेल्वे धामणगावहून सकाळची होती. श्रीकृष्णराव म्हणाले, टॅक्सी कशाला, आपली गाडी आहे. पहाटे सामान डिकीत गेलं, व्याही पुढे बसले, विहीणबाई मागे, शीलाताई त्यांच्या शेजारी ओटीचं नारळ-खण सांभाळत. आणि फियाटने ते सुरू केलं. फट्, फट्, थडथड. फाटकाबाहेर जाईपर्यंत तीनदा बंद पडली. कॉलनीतल्या चार घरांचे दिवे लागले. भगवानराव मफलर गुंडाळून बाहेर आले आणि म्हणाले, "धक्का देऊ काय?" पुण्याचे व्याही उतरले आणि शाल सावरत त्यांनीही धक्का दिला. रेल्वे चुकली.

"असू द्या हो, होतं असं," विहीणबाई म्हणाल्या. पण त्यांनी मितालीला फोन करताना आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. शीलाताईंना ते दार लोटलेलं पुढे कित्येक दिवस दिसत राहिलं.

त्याच दिवशी दुपारी श्रीकृष्णराव आणि शीलाताई नजीरकडे गेले. श्रीकृष्णरावांची एक सवय होती. मिस्त्रीकडे न्यायची गाडीसुद्धा ते आधी पुसायचे, सुरू करून गरम करायचे. डॉक्टरकडे जाताना माणूस स्वच्छ कपडे घालतो ना, तसं. त्यामुळे लोहाऱ्याला पोचली तेव्हा फियाट अगदी शहाणी झाली होती.

"मारा सेल्फ, साहेब," नजीर म्हणाला.

इंजिन एका झटक्यात सुरू झालं आणि शिवणयंत्रासारखं चालू राहिलं.

"पाहा. माह्याकडं आली का गुनाची होऊन जाते. सासरी रडते, माहेरी हासते."

"अरे, थट्टा राहू दे. सकाळी काय करते ते तुला दिसतच नाही."

"तेच तं म्हनून राह्यलो साहेब. आजार थंडीचा हाय, अन् तुम्ही पेशंटले उन्हात बसवून आनता." त्याने बोनेट उघडलं. एकेक प्लग काढून पाहिला. कार्बोरेटर पाहिला, चोकची तार ओढून पाहिली. त्या गोल काळ्या झाकणाच्या क्लिपा सोडून ते उचललं, खालून आत पाहिलं आणि पुन्हा जसंच्या तसं बसवलं. झाकणाच्या वरच्या बाजूवर त्याची नजर क्षणभर अडली, मग त्याने मान वर केली. "इथं सगळं कोरडं ठनठनीत हाय. साहेब, रातभर गाडी इथंच सोडा. मी सकाळी उजाडायच्या आंदी येतो अन् थंडं इंजिन मीच सुरू करून पाहतो. आजार पकडल्याबिगर मी काई बदलत नाही."

श्रीकृष्णराव "ठीक आहे" म्हणणार, तोच गाडीत बसलेल्या शीलाताई म्हणाल्या, "रात्रभर कायले?"

"काकू, इंजिन पूर्ण थंडं..."

"नको. आम्हाला लागते गाडी सकाळी."

पाहुण्यांसाठी टॅक्सी ठरली होती; सकाळी गाडी लागत नव्हती. हे तिघांनाही माहीत होतं. नजीरने फडक्याला हात पुसले आणि बोनेट हळूच लावलं.

परत येताना श्रीकृष्णराव म्हणाले, "ठेवली असती एक रात्र."

"दसऱ्याआधी त्याच्याकडून आली, तेव्हापासून हे सुरू झालंय. तुमच्या लक्षात येतंय का?"

श्रीकृष्णरावांनी गिअर बदलला.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आला. कॉलनीत सगळ्या घरी महालक्ष्मीचा घट बसायचा आणि संध्याकाळी एकीच्या घरी सगळ्या हळदीकुंकवाला जमायच्या. पहिला गुरुवार भगवानरावांच्या इंदुताईंकडे होता. दूध-केळी झाली, गप्पा सुरू झाल्या.

"काय हो शीलाताई," इंदुताई म्हणाल्या, "तुमच्याकडे दिवाळी अजून संपली नाही का? रोज सकाळी फटाके!"

सगळ्या हसल्या. एकीने तर "पुण्याच्या व्याह्यांनी पण धक्का मारला म्हणे" असंही म्हटलं. शीलाताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हातातली वाटी खाली ठेवत त्या म्हणाल्या, "गाडी चांगलीच आहे हो. मिस्त्री चांगला राहिला नाही."

"कोण, नजीर? तो तर तुमच्या घरचाच."

"घरचा म्हणून तर डोळे मिटून देत होतो. नवे प्लग घातले म्हणाला. कोणी पाहिले? दसऱ्याला त्याच्याकडून आली आणि तेव्हापासून हे असं. आता म्हणतो, रात्रभर ठेवा. रात्रभर कायले, तुम्हीच सांगा. गरज पडली की माणूस चांगला माल काढून घेतो, जुना घालून देतो. धंदा नाही ना हल्ली त्यांना."

बोलून झालं आणि शीलाताईंना बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर हलकं वाटलं. हसण्याचा रोख गाडीवरून उठून दुसरीकडे गेला होता. इंदुताई विचारात पडल्या. "आमच्या व्हॅनचा पण आवाज बदललाय, त्याच्याकडून आणल्यापासून." कोणाला आपल्या स्कूटरचं आठवलं, कोणाला जावयाच्या गाडीचं. उठताना प्रत्येकीच्या ओटीत एक फळ होतं आणि मनात एक संशय.

दोन आठवड्यांनी शीलाताई भाजी घेऊन येताना त्यांना भगवानरावांची व्हॅन बसस्टँडजवळच्या एका वेगळ्याच गॅरेजसमोर दिसली. पुढे आणखी एक ओळखीची गाडी. 'ज्याचं त्याचं काम' असं मनात म्हणत त्या रिक्षात बसल्या.

गाडी मात्र रोज सकाळी तशीच रडत होती. शेवटी एका संध्याकाळी श्रीकृष्णराव बाजारातून आले आणि म्हणाले, "नजीर भेटला. म्हणाला, गाडी ठेवायची नसेल तर मीच पहाटे घरी येतो. फक्त मी येईपर्यंत कोणी चावी लावायची नाही."

शीलाताईंना यात नाही म्हणण्यासारखं काही सापडलं नाही. उलट वाटलं, बरंच आहे. डोळ्यांसमोर करेल. त्या म्हणाल्या, "येऊ दे. मी उभी राहीन तिथे."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता सायकलची घंटी वाजली. कानटोपी, वर जुना कोट, कॅरियरला हत्यारांची पिशवी. नजीरने मोपेड विकल्याचं श्रीकृष्णराव हळूच म्हणाले. शीलाताई शाल गुंडाळून व्हरांड्यात उभ्या राहिल्या. खरोखरच पहारा द्यायला उभ्या राहिल्या.

नजीरने बोनेट उघडलं आणि म्हणाला, "काकू, तो बाहेरचा दिवा बंद करता काय?"

"अंधारात कसं दिसेल तुला?"

"अंधारातच दिसते ते."

शीलाताईंनी बटण दाबलं, पण दोन पावलं पुढे आल्या. त्याच्या हाताकडे लक्ष असावं म्हणून.

"साहेब, मारा सेल्फ."

इंजिन खोकलं, थडथडलं. आणि त्या काळोखात शीलाताईंना जे दिसलं ते त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्या गोल झाकणावर बारीक निळ्या ठिणग्या नाचत होत्या. एका बोंडावरून दुसऱ्या बोंडावर, मधून पुन्हा कडेला, मुंग्यांची निळी रांग सैरावैरा धावावी तशा. चर् चर् असा बारीक आवाज येत होता.

"पाहा साहेब. हा डेल्को. चार प्लगले करंट वाटून देते. आता करंट प्लगमंदी जायच्या ऐवजी वरच्या वरच पयून राह्यला. म्हनून मिसिंग. बंद करा."

इंजिन थांबलं. नजीरने टॉर्च लावला. उजेडाच्या गोलात ते झाकण दिसलं. त्यावर पाच बोंडांच्या बुडाशी लालसर काळी, चिकट खपली जमली होती. एका तांदळाच्या दाण्याला अजून थोडं पिवळं होतं.

शीलाताईंनी तो दाणा ओळखला.

"नारळाचं पानी सुकलं का त्याची साखर अन् मीठ राह्यते," नजीर सांगत होता, श्रीकृष्णरावांनाच, शीलाताईंकडे न पाहता. "थंडीत दव पडलं का ते ओलं होते. ओल्यावरून करंट पयते. इंजिन तापलं का वाळते, मंग गाडी शाहनी. माह्याकडं यायची तवा वाळून गेली राहे."

"पण मग तुला आधी दिसलं नाही का हे?" श्रीकृष्णरावांनी विचारलं.

"दिसलतं ना. त्याच दिवशी दिसलतं."

"मग पुसलं काहून नाही?"

नजीर थोडा घुटमळला. "पूजेचं होतं साहेब. काकूनं वाह्यलं असन. मी कसा पुसू? अन् गरम गाडीत काई दिसत नव्हतं, मंग कायच्या भरवशावर सांगू, का तुमच्या पूजेनं गाडी बिघडली म्हनून? म्हनलं, आंदी डोयानं पाहतो, मंग विचारतो." त्याने क्लिपा सोडल्या, वायरी एकेक काढून कोणती कुठली हे क्रमानं ठेवलं, आणि झाकण शीलाताईंसमोर धरलं. दोन्ही हातांनी. "काकू, तुम्हीच पुसून द्या. मी हात लावला नाही अजून वरून."

शीलाताईंनी झाकण घेतलं. ते थंडगार होतं. नजीरने दिलेल्या फडक्याने त्या पुसू लागल्या. खपली निघेना. मग त्यांनी नखानं खरवडलं. लाल भुगा त्यांच्या शालीवर पडला. ज्या माणसाने त्यांच्या कुंकवाला हात लावला नव्हता, त्याच्याबद्दल त्या सात बायकांमध्ये बसून, दूध-केळी खात, माल बदलतो म्हणाल्या होत्या. पुसताना त्यांना आपले हात दिसत होते आणि वर पाहवत नव्हतं. आता सांगावं, असं त्यांनी तीनदा ठरवलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि त्यातून आलं, "चहा ठेवते."

"ठेवा ना काकू. थंडी लय हाय."

गॅसवर चहा उकळत असताना अंगणात इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. एका सेल्फात. श्रीकृष्णराव लहान मुलासारखे हसले. शीलाताई आत उभ्या राहून तो आवाज ऐकत होत्या. इतका स्वच्छ आवाज त्यांना सहन होत नव्हता.

शेवटचा गुरुवार शीलाताईंकडेच होता. उद्यापन. सकाळपासून त्यांच्या घशाखाली काही उतरलं नव्हतं, आणि उपास होता म्हणून कोणी विचारलंही नाही. संध्याकाळी सगळ्या जमल्या. हळदीकुंकू झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला काही सांगायचंय."

त्यांनी सगळं सांगितलं. दसऱ्याची पूजा, नारळाचं पाणी, निळ्या ठिणग्या, नजीरने झाकण दोन्ही हातांनी पुढे केलेलं. आणि शेवटी, "मी त्याच्याबद्दल बोलले ते खोटं होतं. प्लग नवेच आहेत. मी चुकले."

मग इंदुताईंना हसू फुटलं. "अगं बाई! म्हणजे कुंकवानं गाडी बिघडली! शीलाताई, तुम्ही म्हणजे ना!" सगळ्या हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुढची दहा मिनिटं कोणी कुठे कुठे कुंकू लावलं याच्याच गोष्टी झाल्या. फ्रीज, मिक्सर, मुलाचा कॉम्प्युटर.

"हसू नका हो," शीलाताई म्हणाल्या. "त्याच्या गाड्या गेल्या. तुमची व्हॅन परत पाठवा त्याच्याकडे."

"सांगते ह्यांना," इंदुताई डोळे पुसत म्हणाल्या. "पण आता तिकडे जमलंय त्यांचं. आणि काही म्हणा, सांभाळून असलेलं बरं."

शीलाताईंना कळलं. त्यांचा खोटा शब्द एका संध्याकाळी सात घरांत पोचला होता. खरा शब्द त्यांच्याच बैठकीत, वाटीतल्या उरलेल्या दुधाबरोबर राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या श्रीकृष्णरावांना घेऊन लोहाऱ्याला गेल्या. गॅरेजमध्ये एकही गाडी नव्हती. नजीर एका पाटावर बसून पंक्चर काढत होता. सायकलचं.

"काकू! पुन्हा रडली काय?"

"गाडी चांगली आहे." त्या उभ्याच राहिल्या. "नजीर, मी तुझ्याबद्दल कॉलनीत वाईट बोलले. तू माल बदलतो म्हणाले. तुझ्या गाड्या माझ्यामुळे गेल्या."

नजीरने ट्यूब पाण्यात धरली. बुडबुडे कुठून येतात ते पाहत राहिला. "मालूम हाय, काकू."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवसापासून. व्हॅनवाल्या साहेबानं सांगितलं ना, म्हने तुमच्याच खास लोकायनं सांगितलं."

म्हणजे पहाटे सायकलवर आला तेव्हा त्याला माहीत होतं. झाकण पुढे धरलं तेव्हाही माहीत होतं. त्या पहारा देत उभ्या होत्या हेही त्याला कळलं असणार.

"मग आलास काहून?"

"आब्बाच्या हातची गाडी हाय ती," तो म्हणाला. मग ट्यूब फडक्याने कोरडी करत, "अन् मले बी पाह्यचं होतं, का माहं काई चुकलं तं नाही."

हे शेवटचं वाक्य शीलाताईंना सगळ्यांत जास्त लागलं.

श्रीकृष्णराव त्या रात्री गाडी मुद्दाम गॅरेजमध्ये ठेवून आले, गरज नसताना. चारचौघांना दिसावी म्हणून. आठवडाभर ठेवली. त्यांनी ओळखीच्यांना फोन केले. भगवानरावांची व्हॅन परत गेली नाही. दुसऱ्या एका घरची गाडी एकदा गेली, मग तीही थांबली.

अनवरीचा डबा फडताळात होता. संक्रांतीला शीलाताईंनी तो तिळाच्या लाडवांनी भरला, पदराखाली घेऊन फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. लाडू घरातच संपले. होळीला पुरणपोळ्या भरल्या, त्याही तशाच. नवऱ्यासमोर त्या कबूल झाल्या होत्या, बायकांसमोर झाल्या होत्या, नजीरसमोर झाल्या होत्या. पण अनवरीच्या दारात उभं राहायचं म्हटलं की पाय उचलत नसे. पुरुष माणसाचं काम गेलं की बाई घरात काय काय करून भागवते, हे शीलाताईंना कोणी समजावून सांगायला नको होतं.

चैत्रात नजीरने गॅरेज बंद केलं. नागपूरला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नोकरी मिळाली, पगाराची. कॉलनीत सगळे म्हणाले, कापसानं खाल्लं बिचाऱ्याला. जिनिंग बंद, ट्रॅक्टर बंद, तो तरी काय करणार? श्रीकृष्णरावही तेच म्हणाले. कदाचित तेच खरं होतं. किती कापसानं खाल्लं आणि किती आपण, याचा निवाडा शीलाताईंना पुढे म्हातारपणी, झोप न येणाऱ्या दुपारींमध्येही करता आला नाही.

नजीरचं कुटुंब निघायच्या आदल्या दिवशी मात्र शीलाताई गेल्या. डब्यात हातानं केलेल्या शेवया होत्या, त्याच आठवड्यात वाळवलेल्या. अनवरीच्या अंगणात बिछाने बांधून ठेवले होते, एक पेटी, दोन ड्रम. अनवरी दारात आली. पदर डोक्यावर घेतला.

"तुझा डबा," शीलाताई म्हणाल्या. "फार दिवस राहिला माझ्याकडे."

अनवरीने डबा घेतला. झाकण उघडून पाहिलं. बोटानं एक शेवई मोडून पाहिली. "बारीक झाल्या हो काकू. ईदले कामी येतीन."

"अनवरी, मी..."

"नजीरनं सांगितलं मले." तिने झाकण लावलं, घट्ट दाबून. आवाजात राग नव्हता. "तब्येतीले जपा. साहेबाले सांगा, गाडीत पानी पाहत जा म्हनावं, उन्हाळा हाय."

शीलाताई दाराशी उभ्या होत्या. अनवरीही दाराशी उभी होती, डबा दोन्ही हातांनी धरून. वीस वर्षांत त्या या घरी जेव्हा जेव्हा आल्या, तेव्हा फाटकात पाऊल टाकताच आतून आवाज यायचा, "या काकू, आत या, बसा, चहा घेतल्याबिगर जाऊ देनार नाही." शीलाताई थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनी चपला नीट केल्या आणि त्या रस्त्याला लागल्या.